कॅनेल: स्वतःच्या सर्व्हरवरचा बल्क एसएमएस गेटवे

कॅनेल हा ओपन सोर्स एसएमएस आणि वॅप (जुन्या मोबाइलवरचं साधं इंटरनेट) गेटवे, म्हणजे ॲप आणि मोबाइल नेटवर्क जोडणारं सॉफ्टवेअर, १९९९ साली फिनलंडमधल्या वॅपिट कंपनीत सुरू झालेला. वॅप कधीच गेलं, एसएमएसचं काम मात्र तो अजून निमूटपणे करतोय. यातला बेअररबॉक्स ऑपरेटरच्या एसएमएससीशी (मेसेज पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरशी) एसएमपीपी या एसएमएसच्या प्रोटोकॉलवर कनेक्शन (बोलताना सगळे बाइंड म्हणतात) धरून ठेवतो आणि एसएमएसबॉक्स आपल्या ॲपकडून एचटीटीपीवर आलेले मेसेज त्याच्याकडे सरकवतो.

लोड वाढला की पहिला हात रॅम वाढवण्याकडे जातो, पण खरी अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच. स्पीड ठरतो ऑपरेटरने दिलेल्या टीपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती मेसेज तो घेणार यावर, आणि त्याच्यावर गेलात की थ्रॉटलिंगचा एरर येतो. दुसरी गोष्ट विंडो: उत्तराची वाट न बघता १० मेसेज पुढे पाठवायची मुभा असेल आणि उत्तर यायला २०० मिलिसेकंद लागत असतील तर एका बाइंडवर सेकंदाला ५० च्या वर जाताच येत नाही, मग सर्व्हर कितीही तगडा घ्या. विंडो वाढवायची नाहीतर जास्तीचे बाइंड मागायचे.

मराठीत पाठवणाऱ्यांनी तर हिशोब आधीच करावा. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा, आणि लांब मेसेज तुटला की प्रत्येक तुकड्यात ६७ च. काना-मात्रासुद्धा वेगळी मोजतात बरं का! १५० अक्षरांचा मजकूर म्हणजे ३ तुकडे, तोच १ लाख लोकांना १०० टीपीएसने पाठवायला १७ नाही तर ५० मिनिटं. तेवढ्यात त्याच रांगेत ओटीपी अडकला तर तो पोचेपर्यंत एक्स्पायर, म्हणून ओटीपीचा बाइंड वेगळाच ठेवतात.

डिलिव्हरी रिपोर्टची नोंद डिफॉल्टने मेमरीत असते, रीस्टार्ट झालं की गायब, त्यामुळे ती मायएसक्यूएल किंवा रेडिससारख्या डेटाबेसमध्ये टाकायची.

भारतात वरून डीएलटी, म्हणजे व्यावसायिक मेसेजची नोंदणी व्यवस्था, आहे: हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) सगळं रजिस्टर करायचं आणि एंटिटी आयडी (पाठवणाऱ्या संस्थेचा नोंदणी क्रमांक), टेम्प्लेट आयडी प्रत्येक मेसेजसोबत टीएलव्हीत, म्हणजे एसएमपीपीतल्या जादा फील्डमध्ये, पाठवायचा. मार्च २०२१ मध्ये स्क्रबिंग, म्हणजे प्रत्येक मेसेज या नोंदींशी ताडून बघणं, सुरू झालं तेव्हा देशभर ओटीपी अडकले, आणि ट्रायला ते आठवडाभर थांबवावं लागलं. टेम्प्लेटशी न जुळणारा मेसेज ऑपरेटरकडेच रिजेक्ट होतो, त्यामुळे असे एरर रिट्रायमधून वगळायचे, नाहीतर तेच तेच परत पाठवण्यात टीपीएस फुकट जातो.