जांभळ्या पानाआडचं हिरवं पान

जांभळा मेपल पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "पानं हिरवी नाहीत, मग हे झाड अन्न कसं तयार करतं?" प्रश्न चांगला आहे. हरितद्रव्यामुळे प्रकाशसंश्लेषण होतं हे आपण शाळेत शिकलेलो असतो, तेव्हा हिरवं नाही म्हणजे हरितद्रव्य नाही, असंच कुणालाही वाटेल. पण जांभळ्या पानात हरितद्रव्य असतं, आणि भरपूर असतं. ते झाकलेलं असतं, इतकंच.

सावलीसाठी लावला जाणारा जांभळा मेपल म्हणजे बहुतेक वेळा नॉर्वे मेपलचा 'क्रिमसन किंग' हा वाण. जपानी मेपलचे जांभळे वाणही देखणे असतात, पण ते सहसा चार-सहा मीटरवर थांबतात. त्यांच्याखाली सावलीला बसायचं म्हटलं तर कठीणच. क्रिमसन किंग 10 ते 14 मीटर उंच होतो, दाट गोलसर डेरा धरतो आणि पालवीपासून पानगळीपर्यंत जांभळाच राहतो. ज्या 'श्वेडलेरी' वाणाच्या बियांतून तो 1930च्या दशकात निघाला, त्याची पालवी जांभळी फुटते आणि उन्हाळा चढेल तशी हिरवी होत जाते. या एका रोपाचा रंग मात्र उतरला नाही.

हा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. हरितद्रव्य असतं हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म भागांत, अँथोसायनिन असतं पेशीतल्या पाण्याने भरलेल्या रिक्तिकेत. एकाच पेशीत असली तरी दोन वेगळ्या खोल्यांत राहणारी ही द्रव्यं. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जोमाने शोषतं, हिरव्यातला काही भाग परत पाठवतं. अँथोसायनिन नेमका तो हिरवा, साधारण 500 ते 550 नॅनोमीटरचा, टिपतं. दोघांच्या तावडीतून फारसं काही सुटत नाही, म्हणून पान काळपट जांभळं दिसतं. पडताळून पाहायचं असेल तर असं एखादं पान कापून गरम पाण्यात उकळा. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, हरितद्रव्य विरघळत नाही. पाणी रंगतं आणि पान मळकट हिरवं होऊन बाहेर येतं!

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. हिरवा प्रकाश झाडाच्या काहीच कामाचा नसतो, अशी एक समजूत आहे. ती चूक आहे. निळा आणि तांबडा प्रकाश पानाच्या वरच्या थरांतच संपून जातो. हिरवा कमी शोषला जातो, म्हणून तो खोलवर उतरतो, पेशींच्या भिंतींवर आपटत, विखुरत राहतो आणि खालच्या थरांतल्या हरितलवकांना चालना देतो. हिरव्या पानावर पडलेला बराचसा हिरवा प्रकाश शेवटी असा वापरलाच जातो. जांभळ्या पानात तोच प्रकाश वाटेत अँथोसायनिन अडवतं. मग ती ऊर्जा ते हरितद्रव्याला का देत नाही? हरितलवकात हरितद्रव्याचे शेकडो रेणू एकमेकांपासून नॅनोमीटरभर अंतरावर रचलेले असतात. एका रेणूने पकडलेली ऊर्जा शेजारच्याकडे, तिथून पुढच्याकडे उड्या मारत अभिक्रिया-केंद्रापर्यंत, म्हणजे जिथे तिचं रासायनिक ऊर्जेत रूपांतर सुरू होतं तिथपर्यंत, पोहोचते. अशी उडी काही नॅनोमीटरपुरतीच जमते. अँथोसायनिनचा रेणू या रांगेत नसतो. तो रिक्तिकेत, पटलांच्या पलीकडे असतो. त्याने घेतलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत उष्णता होऊन जाते. म्हणजे हे द्रव्य खिडकीवरच्या पडद्यासारखं वागतं.

पडदा कधी कधी हवाच असतो. आंब्याची किंवा पिंपळाची कोवळी पालवी तांबूस असते. कोवळ्या पानाची प्रकाश वापरण्याची यंत्रणा पुरी उभी राहिलेली नसते, जादा प्रकाशाने ती बिघडू शकते, आणि त्या दिवसांत अँथोसायनिन तिला सांभाळतं, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. पान जून झालं की पडदा निघतो. क्रिमसन किंगमध्ये तो निघत नाही, आणि माणसाने नेमका तोच गुण निवडून टिकवला. त्याची किंमत झाड वाढीत मोजतं.

म्हणून या झाडाला मोकळं ऊन द्या. अँथोसायनिन तयार व्हायलाही प्रकाश लागतो. डेऱ्याच्या आतली, अंधारातली पानं हिरवटच राहतात. काळं पान जास्त तापतं, मग सावलीही उष्ण असेल, ही भीती काढून टाका. सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग अवरक्त असतो आणि त्याच्या मोठ्या भागाला दोन्ही रंगांची पानं सारखीच वागवतात. शिवाय गारवा येतो तो बाष्पोत्सर्जनातून: एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता खर्च होते. जांभळी पानं जास्त ऑक्सिजन देतात, हवा जास्त शुद्ध करतात, हे दावे विक्रेत्यांचे आहेत. रंगाचा तसा काही संबंध नाही.

निळ्या मेपलच्या बियांची पाकिटं विकली जातात, तीही घेऊ नका. निळ्या पानांचा मेपल नसतो, चित्रं रंगवलेली असतात. क्रिमसन किंगचं बीही पेरून उपयोग नाही. रोपं बहुतेक हिरवी किंवा मिश्र रंगाची निघतात. म्हणून साध्या नॉर्वे मेपलच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या रोपावर, क्रिमसन किंगचा डोळा (कळी) भरून कलम करतात. खुंटातून हिरवा फुटवा आला तर लगेच मुळापासून काढा. त्याच्या पानांवर पडदा नसतो, तो जोमाने वाढतो आणि जांभळ्याला मागे टाकतो.

हे थंड हिवाळ्याच्या प्रदेशातलं झाड आहे. उष्ण कटिबंधात त्याची पानं करपतात. त्याची मुळं उथळ आणि सावली दाट, तेव्हा खाली हिरवळ टिकत नाही. हिरवळीचा हट्ट सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. फरसबंदीपासूनही झाड लांब ठेवा.

आणि लावण्याआधी तिथला कायदा पाहा. नॉर्वे मेपल मूळचा युरोप आणि पश्चिम आशियाचा. उत्तर अमेरिकेत त्याचं पंखवालं बी वाऱ्यावर जंगलांत गेलं आणि दाट सावलीने तिथल्या रोपांना मागे सारू लागलं. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत आता त्याच्या विक्रीला बंदी आहे. जंगलात उगवलेली अशी रोपं बहुतेक हिरवीच असतात, त्यामुळे त्यांचं मूळ बागेतल्या जांभळ्या झाडात असेल, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.