घरी बांधलेली फायबरग्लास विमाने आणि चिकटवलेल्या सांध्याचा इतिहास

1944 च्या पावसाळ्यानंतर भारतात तैनात असलेली ब्रिटिश हवाईदलाची काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इथल्या मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. हे विमान लाकडाचे होते. त्याच्या धडाची भिंत म्हणजे प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बसवलेले हलके बाल्सा लाकूड, आणि सारी जोडणी मुख्यतः गोंदावर. पहिला संशय अर्थातच इथल्या दमट हवेवर घेतला गेला. पावसाळ्यात लाकूड आक्रसले, असे उत्पादकांच्या बाजूने सांगण्यात आले. पुढच्या सरकारी तपासात मात्र दोष कारखान्यातल्या जोडणीत निघाला. पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, आणि तिच्यावरचे आवरण यांच्यात फटी राहिल्या होत्या व तिथे गोंदाने पकड घेतलेलीच नव्हती. चिकटवलेल्या सांध्याची ही अडचण लाकूड गेले तरी गेली नाही, आणि आज घराच्या गॅरेजमध्ये फायबरग्लासचे विमान बांधणाऱ्यालाही ती तशीच भेटते.

काचतंतू आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) या जोडीचा, म्हणजेच फायबरग्लासचा, विमानात वापर त्याच युद्धात सुरू झाला. अमेरिकेत राइट फील्ड येथे 1944 मध्ये एका प्रशिक्षण विमानाचे धड काचतंतू आणि बाल्सा यांचे करून उडवून पाहण्यात आले. पण या साहित्याला खरे घर मिळाले ते ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात. जर्मनीतील श्टुटगार्टच्या विद्यार्थी-गटाने बांधलेले ‘एफएस-24 फिनिक्स’ 27 नोव्हेंबर 1957 रोजी उडाले. त्याची रचनाही दोन काचतंतूंच्या थरांमध्ये बाल्सा अशीच होती. पंखाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा, ही ग्लायडरची गरज फायबरग्लासने जितकी भागवली तितकी लाकडाने किंवा पत्र्याने कधी भागवली नव्हती. त्यासाठी मोठे, अचूक साचे लागत. कारखान्याला ते परवडत, एकच विमान बांधणाऱ्या हौशी माणसाला परवडणारे नव्हते.

हा साचाच अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी काढून टाकला. कॅलिफोर्नियातील मोहावी येथे त्यांच्या ‘व्हेरीईझी’ विमानाने 21 मे 1975 रोजी पहिले उड्डाण केले. पुढच्या वर्षी आराखडे विक्रीस आले आणि जून 1979 मध्ये ‘लाँग-ईझी’ उडाले. पद्धत अशी: पॉलिस्टायरीन फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे आणि इपॉक्सी या रेझिनने भिजवायचे. फोम आतच राहतो, म्हणजे साचाच विमानाचा भाग होतो. ग्लायडरची मोडतोड दुरुस्त करताना फोम कोरून त्यावर कापड चढवण्याची जी रीत आहे, तिच्याशी या बांधणीचे जवळचे नाते दिसते. एका अर्थाने इथे दुरुस्तीचीच कला बांधणीची कला झाली.

रेझिनची निवडही फोमने ठरवली. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्यांना चालते ते पॉलिएस्टर रेझिन इथे चालत नाही, कारण त्यातले स्टायरीन पॉलिस्टायरीन फोम विरघळवून टाकते. पेट्रोलही तेच करते. म्हणून इंधनाच्या टाकीजवळ वेगळ्या जातीचा फोम वापरावा लागतो. आणि तो वेगळा फोम युरेथेनचा असेल, तर त्याला तापलेली तार लावायची नाही, कारण त्यातून विषारी धूर निघतो. उन्हाने तापून इपॉक्सी मऊ पडू नये म्हणून या विमानांना पांढराच रंग देण्याचा आग्रह होता. पुढे रंग काढायची वेळ आली तर रासायनिक स्ट्रिपर लावायचा नाही, कारण तो रंगाबरोबर खालचे इपॉक्सीही खातो. पॉलिश पेपर आणि मनगट, एवढीच साधने.

या बांधकामातून जी शब्दसंपदा रूढ झाली, तीही बहुतेक सांध्यांचीच आहे. इपॉक्सीत पोकळ काचेचे सूक्ष्म गोळे कालवले की ‘मायक्रो’ होते: हलके, सहज घासले जाणारे, खळगे भरायला उत्तम, पण जोर घेण्याच्या कामाचे नाही. कापसाचे बारीक तंतू कालवले की ‘फ्लॉक्स’ होते, आणि कोपऱ्यांत व सांध्यांत तेच भरायचे असते. ‘पील प्लाय’ हे सर्वांत वर लावायचे कापड. रेझिन घट्ट झाल्यावर ते सोलून काढले की खाली स्वच्छ, खरखरीत पृष्ठ उरते आणि पुढचा थर त्याला धरतो. पहिला थर पुरता घट्ट होण्याआधीच दुसरा चढवला, तर दोहोंचे रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होते. वाळल्यावर चढवला, तर तो केवळ चिकटतो आणि सारी भिस्त पृष्ठभाग किती घासला व किती स्वच्छ ठेवला यावर राहते. काही हार्डनर (रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायची द्रव्ये) दमट हवेत पृष्ठावर मेणचट साय आणतात. ती पुसून न काढता काम पुढे नेले, तर सांधा दिसायला उत्तम होतो आणि धरत मात्र नाही.

1980 च्या सुमारास ‘ग्लासएअर’सारखी तयार साच्यांतल्या भागांची किट आली, आणि माझ्या मते या इतिहासातला मोठा बदल रुटान यांच्या फोमइतकाच हाही आहे. कारखान्यातून धडाचे दोन अर्धे भाग येत आणि घरी ते जोडायचे असत. वेळ वाचला, रूप देखणे झाले. पण आता हौशी बांधणाऱ्याच्या वाट्याला आधीच वाळलेल्या भागांचे सांधे, म्हणजे नेमके सर्वांत नाजूक काम आले. कारखान्यात बनून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या लहान कंपोझिट (तंतू आणि रेझिनच्या) विमानांसाठी अमेरिकी नियमांत 1993 मध्ये तीन वाटा सांगण्यात आल्या. सांधा ठरावीक मर्यादेपलीकडे उघडणार नाही अशी रचना असावी, किंवा प्रत्येक नग प्रत्यक्ष भार देऊन तपासावा, किंवा सांध्याची ताकद खात्रीने सांगणारी, न मोडता करायची चाचणी असावी. तिसरी वाट कागदावरच सोपी आहे. घरी बांधलेल्या विमानांना हा नियम लागू नव्हता. तिथे बांधणाऱ्यालाच त्याच्या स्वतःच्या विमानापुरते दुरुस्तकाचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि वार्षिक तपासणीवर सहीही तोच करतो.

दुरुस्तीची रीतही याच सावधगिरीतून घडली. तडा गेलेल्या जागी काचेवर पांढुरका डाग उमटतो, पण खालचा थर सुटल्याचा भाग त्या डागाहून मोठा असू शकतो. म्हणून नाणे ठोकत आवाज ऐकत त्याची हद्द आखतात. मग खराब भाग काढून कडा लांब उतरत्या घासायच्या, कारण सरळ कापलेल्या कडेवर सगळा ताण एकाच रेषेत येतो. मूळ थरांच्या तंतूंची दिशा ओळखून तितकेच थर त्याच दिशेने, प्रत्येक वेळी थोडे मोठे करत चढवायचे. नाण्याचा बद्द आवाज पोकळी दाखवतो. टेकलेला पण नीट न धरलेला सांधा मात्र चांगल्या सांध्यासारखाच वाजतो. म्हणून जाणते बांधकामकरी त्याच दिवशी, त्याच कालवलेल्या रेझिनने, तसाच घासलेला एक टाकाऊ तुकडा जोडून ठेवतात आणि वाळल्यावर छिन्नीने उकलतात. तुकडा तंतू ओरबाडत फाटला तर काम पुढे जाते. काचेसारखा स्वच्छ सुटला, तर विमानावरचा सांधाही घासून काढावा लागतो.