लकव्यानंतरचा ताप: डोक्यातली सूज की छातीतला संसर्ग?

आत्याला लकवा झाला आणि दुसऱ्याच रात्री तिला ताप चढला. पौषातली ग्वाल्हेरची थंडी. तिथल्या लष्कर भागातलं आमचं निम्मं घराणं शाली पांघरून हॉस्पिटलच्या बाकांवर बसलेलं. काका म्हणाले, "मेंदूला सूज आलीय, त्याचाच ताप." वहिनी म्हणाली, "इन्फेक्शन झालंय, प्रतिकारशक्ती कमी पडली. काहीतरी ताकदीचं देऊ या." मला तेव्हा दोन्ही एकच वाटलं होतं. प्रत्यक्षात स्ट्रोकनंतर, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्यानंतर, प्रतिकारशक्ती डोक्यात एक करते आणि मानेखाली अगदी उलटं.

आधी डोक्यातलं. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की उपचार होईपर्यंत मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन मरतात. मरताना त्यांच्यातून जी रसायनं सांडतात, ती मेंदूतल्या पहारेकरी पेशींना, मायक्रोग्लियांना, चेतवतात. जंतू एकही नसतो, तरी त्या जंतू शिरल्यासारख्याच पेटून उठतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपू लागतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात, पाणी भरतं. मोठ्या स्ट्रोकमध्ये ही सूज बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. "अजून दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणतात ते यासाठीच. याच पेशी पुढे मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, दुरुस्तीला हातभार लावतात. सूज म्हटली की स्टेरॉइड, हा हिशेबही गुठळीच्या स्ट्रोकला लागू पडत नाही. त्याचा फायदा दिसलेला नाही, संसर्गाचा धोका मात्र वाढतो.

आता मानेखालचं. जखमी मेंदू सिंपथेटिक नसांना, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांना, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींना चेतवतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तातले लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात. २००३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी स्ट्रोक झालेल्या उंदरांना प्रोप्रानोलॉल, म्हणजे नसांचा हा संदेश अडवणारं औषध, दिलं, तेव्हा त्यांच्यातले संसर्ग कमी झाले. माणसांसाठी तो उपचार ठरलेला नाही, पण पहारा काढून घेणारा मेंदूच आहे हे त्यातून कळलं. स्ट्रोकच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना कुठला ना कुठला संसर्ग होतो, सुमारे १० टक्क्यांना न्यूमोनिया.

न्यूमोनियाला आणखी एक वाट मिळते: घसा. वहिनीने मायेने मुगाचं पातळ पाणी आणलं होतं. आत्या आडवीच होती. दोन चमचे गेले, ठसका लागला नाही, आम्हाला हायसं वाटलं. मग आत्या काहीतरी बोलली, तर आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा. सिस्टर धावत आल्या आणि वाटी बाजूला केली. स्ट्रोकनंतर घशाची जाणीव बोथट होते, घास श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येतोच असं नाही. खाली मात्र त्याला अडवणारी फौज आधीच पांगलेली असते.

मग आधीच अँटिबायोटिक का नको? नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर रुग्णांवर ते करून पाहिलं. २०१५ मध्ये निकाल आले: संसर्ग कमी झाले, पण तीन महिन्यांनी रुग्ण जास्त सावरलेले दिसले नाहीत. उलट ऑस्ट्रेलियात नर्सेसनी तीनच गोष्टी काटेकोर सांभाळल्या, ताप, साखर आणि गिळणं. २०११ च्या त्या अभ्यासात मृत्यू किंवा परावलंबन ५८ वरून ४२ टक्क्यांवर आलं. मला तरी हा आकडा कुठल्याही भारी इंजेक्शनपेक्षा मोलाचा वाटतो.

कपाळाला हात लावून ताप डोक्यातला की छातीतला हे कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे, रक्त आणि लघवीची तपासणी लागते. ताप मात्र कुठलाही असो, तो जखमी मेंदूचं नुकसान वाढवतो, म्हणून कारण शोधत असतानाच उतरवायचा. आत्याच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी डाग निघाला. काका सूज म्हणत होते ती सीटी स्कॅनमध्ये होतीच. दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

'ताकदीचं' काही दिलं नाही. पलंगाचं डोकं उंच केलं, सकाळ-संध्याकाळ तोंड स्वच्छ केलं, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडाने दिला नाही. त्यानंतर तिला पहिला घास मिळाला तो घट्ट खिमटीचा, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावून. वहिनीनेच भरवला.