टांगलेलं वजन आणि दोऱ्यांचे कोन

दोन दोऱ्यांना एक वजन टांगलं आहे, कोन दिले आहेत, ताण काढा. हे गणित बहुतेकांनी सोडवलेलं असतं. पण तेच उलटं करून कोन विचारले की पेन अडतं. वजन स्थिर झालं तेव्हा दोऱ्यांनी ते कोन कसे गाठले, हा खरा प्रश्न आहे.

तिरकी दोरी किती भार पेलते, याचा नीट हिशेब फ्लेमिश गणिती सिमॉन स्टेव्हिनने 1586 साली लायडनला छापलेल्या डच ग्रंथात मांडला. त्रिकोणी उतारावर त्याने 14 सारख्या गोळ्यांची माळ टाकली (मनातल्या मनात, अर्थात). माळ आपोआप फिरू लागली तर ती कायमचीच फिरत राहील, आणि ते अशक्य. म्हणून ती स्थिरच असणार. एवढ्या एका युक्तिवादावरून त्याने उताराचा नियम (उतारावर वजन धरून ठेवायला किती बल लागतं) काढला आणि पुढे तोच तिरक्या दोऱ्यांना लावला.

1687 हे वर्ष विलक्षणच. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’, फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यॉनचा यंत्रशास्त्राचा आराखडा आणि त्याच्याच देशातल्या बर्नार लामीचा तीन बलांच्या समतोलाचा सिद्धांत, तिन्ही त्याच वर्षीचे. वेगवेगळ्या दिशांची बलं एकत्र करण्याचा, म्हणजे बलांच्या बेरजेचा नियम तिघांनी आपापल्या वाटेने मांडला. लामी आणि व्हारिन्यॉन यांच्यात आधी कोण, यावरून कुरबुरही झाली.

या नियमाने कोन थेट हाती येतात. दोन कप्प्यांवरून गेलेल्या दोरीच्या टोकांना 3 आणि 4 किलो, मध्ये 5 किलो बांधा. वजन स्थिर असेल तर तिन्ही बलं बाणांसारखी टोकाला टोक जोडल्यावर बंद त्रिकोण व्हायला हवा. 3-4-5 चा त्रिकोण काटकोनी, म्हणून मधल्या गाठीपाशी दोऱ्यांमध्ये 90 अंश. कप्प्या जवळ असोत की लांब, कोन तोच. मधलं वजन 7 किलो किंवा त्याहून जास्त केलं तर त्रिकोणच होत नाही, आणि वजन खाली सरकत जातं.

मला मात्र फ्रेंच गणिती लोपितालचा रस्ता जास्त आवडतो. 1696 च्या त्याच्या कलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असं उदाहरण आहे: एका खुंटीला r लांबीची दोरी, तिच्या टोकाला कप्पी. त्याच पातळीवर d अंतरावरच्या (d हे r पेक्षा जास्त) दुसऱ्या खुंटीपासून निघालेली दोरी त्या कप्पीवरून जाते आणि टोकाला वजन लोंबतं. ताणाचा उल्लेखही न करता तो एवढंच म्हणतो, की वजन शक्य तितकं खाली जाऊन थांबेल. पहिल्या खुंटीपासून कप्पीचं आडवं अंतर x धरून खोलीचं सूत्र लिहायचं, अवकलज (म्हणजे बदलाचा दर) शून्य करायचा. त्रिघाती समीकरण येतं, पण त्याचं एक उत्तर x = d हे नुसतं पाहून कळतं. ते बाजूला काढलं की उरतं साधं वर्गसमीकरण, आणि त्यातून x = r(r + √(r² + 8d²)) / 4d.

कोनाला एक मर्यादा आहे, ती गॅलिलिओने 1638 मध्येच सांगितली होती: कितीही ओढली तरी दोरी पूर्ण आडवी होत नाही. मधोमध टांगलेल्या वजनाच्या दोऱ्या क्षितिजाशी 30 अंशांत असतील तर प्रत्येकीत ताण वजनाइतका, 5 अंशांत साधारण पावणेसहापट आणि 1 अंशात जवळपास 29 पट.