लागर थंडीत का मुरते?

सोलापुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की इडलीचं पीठ दुपारपर्यंत फसफसून पातेल्याबाहेर येतं. डिसेंबरात तेच पीठ सकाळीही जेमतेम हललेलं असतं. बिअरमध्ये मात्र उष्णतेने नुसता वेग बदलत नाही, चवही बदलते. लागर प्रकारच्या बिअरचं तर सगळं गणितच थंडीवर चालतं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे 1978 च्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. (आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी हा प्रयोग करू नये.) त्याने पहिलीच लागर आंबायला लावली आणि विचारलं, "मामा, फ्रीज कितीवर ठेवू?"

मोड आणून वाळवलेली सातू, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात धरली की तिच्यातली विकरं स्टार्चची साखर करतात. आफ्रिकेत ज्वारीचीही बिअर होते. पण ज्वारीचा स्टार्च फुलायला सातूपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून नवशिक्याने मालदांडी ज्वारीच्या मोहात पडू नये. माल्टचं हे गोड पाणी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं, शिवाय थोडी एस्टर्स (फळांसारख्या वासाची संयुगं) आणि जड अल्कोहोलं. उष्णता वाढली की ही जोडउत्पादनं वाढतात. मग बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, घशाला झोंबणारी चव येते.

लागरचं यीस्ट 9 ते 13 अंशांतही काम करतं, कारण ते संकरित आहे. त्याचा एक पूर्वज पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट, दुसरा थंडी सोसणारं रानटी यीस्ट. हा दुसरा पूर्वज 2011 मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. पुढे तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही. माणसाने मात्र त्याआधी कैक शतकं ही बिअर केली होती. जर्मनीतल्या बव्हेरियात 1553 मध्ये उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी घातली गेली, त्यामुळे थंडीत तगणाऱ्या यीस्टला आयतं रान मिळालं. 1883 मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी लागर यीस्टचं शुद्ध वाण वेगळं केलं.

भाच्याला मी सांगितलं, तापमान फ्रीजमधल्या हवेचं नको, बिअरचं मोज. आंबताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे भांड्याच्या आत काही अंश जास्तच असतात.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो डायअसिटिलचा भाग. हा लोण्याच्या वासाचा पदार्थ. वाढताना यीस्टच्या पेशीतून त्याचा पूर्वपदार्थ बाहेर झिरपतो आणि बिअरमध्ये आपोआप, यीस्टच्या मदतीशिवाय, डायअसिटिल बनतो. मग यीस्ट तो परत आत घेऊन त्याचं जवळजवळ वासहीन संयुगांत रूपांतर करतं. अडचण अशी की थंडीत पहिली पायरी फार सावकाश होते. म्हणून साखर संपत आली की भांडं दोन-तीन दिवस 15 ते 18 अंशांवर आणतात. जी बिअर गार ठेवायला एवढी धडपड केली, तिलाच आता ऊब द्यायची! काम झालं का हे कळायला थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात, 60 अंशांच्या पाण्यात काही वेळ ठेवावी, गार करावी आणि हुंगावी. लोण्याचा वास आला, तर पूर्वपदार्थ अजून शिल्लक आहे, थांबावं.

त्यानंतर हळूहळू 0 ते 4 अंशांवर उतरायचं आणि काही आठवडे भांड्याला हात लावायचा नाही. यीस्ट तळाशी बसतं. प्रथिनं आणि माल्ट-हॉप्समधली पॉलिफिनॉलं थंडीत एकमेकांना चिकटून गढूळपणा आणतात, आणि तोही सावकाश खाली बसतो. आंबताना आलेला गंधकाचा वास विरतो. पूर्वी यासाठी तळघरं आणि नदी-तळ्यांतला बर्फ लागे. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंड यांचं शीतयंत्र म्युनिकच्या बिअर कारखान्यात आलं आणि लागर ऋतूंच्या कचाट्यातून सुटली.

घाई फक्त बाटल्या भरताना घातक ठरते. हायड्रोमीटरवरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा लागोपाठ तीन दिवस तोच राहिला, तरच किण्वन संपलं असं धरावं. साखर उरली असेल, तर बंद बाटलीत वायू साठत जातो आणि काच फुटते.