वाडी उभी कशी राहते: कोकणातल्या घरामागच्या बागेची पार्श्वभूमी

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. भरपाईचा पहिला हिशेब हेक्टरी होता. घरामागची वाडी मात्र गुंठ्यांत मोजतात, त्यामुळे हातात पडणारी रक्कम अगदीच तुटपुंजी होती. मग सरकारने झाडामागे दर ठरवला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. तोही मला अपुरा वाटतो, आणि फक्त रकमेमुळे नव्हे. वाडीत एक झाड दुसऱ्याच्या सावलीत वाढलेलं असतं. ती सावली कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

किनाऱ्यावर माड, म्हणजे नारळाची झाडं, लावणं फार जुनं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यातल्या एकात चिखलपद्र गावचे ८००० माड दान दिल्याची नोंद आहे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज गलबतांबरोबर काजू, अननस, पेरू, पपई, मिरची आली. काजू डोंगरउतारावर गेला, अननस बांधाच्या कडेला बसला, मिरची चुलीजवळच्या वाफ्यात आली.

घरची वाडी सुरू होते ती पाण्यापासून. आधी विहीर खणायची, मग चिऱ्यांचा किंवा दगडांचा गडगा घालून गुरं अडवायची. विहिरीवर रहाट, तिथून उताराने पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना झाडांच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेली आळी. उन्हाळ्यात रहाटाने जेवढं पाणी निघेल तेवढीच वाडी वाढायची. गावात वीज आली, विहिरीवर पंप बसले, तशी ही मर्यादा सैल झाली आणि एरवी पावसावर सोडलेल्या मागच्या तुकड्यांतही पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, उभ्या राहिल्या.

लावण्याचा क्रम ठरलेला असतो. पहिली केळ. ती वर्षभरात उंच होते आणि तिच्या आडोशाला सुपारीची रोपं लावता येतात. पोफळीला कोवळेपणी ऊन सोसत नाही. मोठी झाल्यावरही पश्चिमेचं ऊन थेट लागलं तर तिचं खोड करपतं, म्हणून त्या बाजूला दाट काही ठेवतात. उंच जातीचा माड धरायला सहा-सात वर्षं घेतो आणि पुढे साठ वर्षं आणि त्याहूनही अधिक फळतो. पोफळही पाच-सहा वर्षांनी धरते. तिचं खोड घट्ट झालं की त्यावर मिरीचा वेल चढवतात. जायफळाची पाळी सगळ्यांनंतर येते, कारण त्याला वर माडांचं छत तयार असावं लागतं. बियांपासून केलेल्या जायफळाला सात-आठ वर्षांनी फूल येईपर्यंत ते नर की मादी हे कळत नाही, आणि साधारण निम्मी झाडं नर निघतात. कोकमाचंही तसंच. इतकी वर्षं पाणी घातलेलं झाड फळणारच नाही हे कळल्यावर ते तोडायचं, हा निर्णय अनेकदा लावणाऱ्याच्या मुलाला घ्यावा लागे. मादी झाडाच्या काडीवरून बांधलेली कलमं मिळू लागल्यावर ही अनिश्चितता बरीच गेली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, १९७२ पासून, आणि त्याच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने हे काम पुढे नेलं. माडाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची भाट्येची ‘लाखीबाग’ ही जुन्या वाडीचीच मांडणी आहे, फक्त अंतरं मोजून आखलेली.

या सगळ्यात घराला चिकटून असलेला भाग बायकांनी उभा केला, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ. जवळच हळद, श्रावणात पानात उकडायच्या गोड पातोळ्यांना पानं हवीत म्हणून. मांडवावर पडवळ, दोडका, कुंपणाला मायाळू, अंगणात अबोली आणि अनंत. घरातले पुरुष मुंबईला गिरणीत आणि ते गणपतीला आणि शिमग्याला येणार, अशा किती तरी घरांत आळी करणं, शिंपणं, गळलेले नारळ गोळा करणं वर्षभर बाईच्याच अंगावर असे. माहेरहून आणलेला अळवाचा कंद किंवा अबोलीची फांदी सासरच्या वाडीत रुजते आणि तिथून शेजारी जाते. कोणत्याही रोपवाटिकेच्या आधी गावात झाडं अशीच पसरली.

वादळात माड पडले तेव्हा त्यांच्याखालची उभी राहिलेली जायफळं आणि पोफळी उघड्यावर आल्या. म्हणजे जे वाचलं त्यालाही पुढच्या उन्हाळ्याचा धोका होता. अशा वाडीत नुसती नवी सुपारी लावून भागत नाही. पुन्हा केळीपासून सुरुवात करावी लागते, आणि त्या वेळी लावलेल्या पोफळी आता कुठे धरण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. माडाला अजून एखाद-दोन वर्षं, आणि जायफळावर माडांचं छत व्हायला त्याहून बराच काळ. सरकारी मदत एकदाच हातात पडते. तिची आखणी या वर्षांच्या हिशेबाने, टप्प्याटप्प्याने झाली असती तर जायफळ लावायची वेळ येईल तेव्हाही हातात काही असतं.