गिझरची ज्योत बटण सोडताच विझते, की आंघोळ अर्ध्यावर असताना?

मुंबईतली जुनी जागा मोडली की तिथला गॅस गिझर बहुधा गावच्या न्हाणीत येऊन टांगला जातो. वेळणेश्वरला आमच्याकडे तसाच आला, जुना, पायलटवाला, म्हणजे मोठा बर्नर पेटवायला एक छोटी ज्योत सतत जळती ठेवणारा. पाइपच्या गॅसवरून सिलिंडरवर आणताना त्याचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलून घेतले होते. हे घ्यावेच लागतात, कारण तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पाइपच्या गॅसच्या जवळपास अडीचपट उष्णता असते, आणि जुन्या मोठ्या भोकातून तो पिवळा, काजळी धरत जळतो. तरी पहिल्याच पावसाळ्यात काकांनी थर्मोकपल, म्हणजे ज्योत विझली की गॅस तोडणारा भाग, दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा आठवडाभरात गाऱ्हाणं तेच : ‘पायलट राहत नाही रे.’

पायलट राहत नाही म्हणजे नेमका कधी राहत नाही, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

एक विझणं असतं पायलट पेटवायचं बटण सोडल्याबरोबरचं. दाबून धरलंय तोवर ज्योत झकास, बोट उचललं की ‘टक्’ आणि अंधार. इथे संशय थर्मोकपलवर घ्यायला हरकत नाही. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यातून थोडीशी वीज निर्माण होते, हे झेबेक या शास्त्रज्ञाच्या 1821 सालच्या प्रयोगांपासून माहीत आहे. गिझरमधल्या थर्मोकपलची वीज असते 20 ते 30 मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या फार तर पन्नासाव्या हिश्श्याएवढी. तेवढ्यावर एक इवलासा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत गेली की टोक थंड होतं, चुंबक सोडतो, गॅस बंद.

इतक्या किरकोळ विजेला अडवायला फारसं काही लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर तर खारा वारा आयताच आहे. थर्मोकपलचा नट झडपेला जिथे बसतो तिथे तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि वीज तिथेच अडते. गॅस सिलिंडरवर बंद करून, सगळं थंड झाल्यावर नट सोडवून कोरड्या फडक्याने पुसला, हाताने घट्ट करून वर पान्याने जेमतेम पाव फेरा दिला, की पुष्कळदा नवीन थर्मोकपलची गरज उरत नाही. दुसरा चोर म्हणजे कोळी किंवा मातीचं घर करणारी कुंभारीण. गिझर गणपतीनंतर थेट दिवाळीला पेटवायचा असेल तर जेटच्या तोंडाशी त्यांचा संसार थाटलेला असतो. ज्योत बारीक होते, टोकापर्यंत पोचत नाही आणि ठपका थर्मोकपलवर येतो. जेटमध्ये टाचणी मात्र घालू नये, भोक मोठं होतं. मऊ ब्रश किंवा हवेचा फवारा पुरतो. आणि हो, बटण 30 ते 60 सेकंद दाबून धरायचं असतं. घाईत दहा मोजून सोडणारे आमच्या घरीच तीन आहेत.

दुसरं विझणं उशिराचं. पायलट सकाळपासून उभा आहे, मोठा बर्नर पेटतो, पाणी गरम येतं आणि साबण लावलेला असताना सगळं जातं. दमलेलं थर्मोकपलही कधी कधी असंच उशिरा सोडतं, म्हणूनच घोळ होतो. फरक ज्योतीकडे पाहून कळतो. थर्मोकपल दगा देतं तेव्हा ज्योत शेवटपर्यंत निळी, खंबीर असते आणि एकदम कापल्यासारखी जाते. हवा कमी पडत असेल तर ती आधी लपलपते, लांबुडकी होते, पिवळी पडते, जेटपासून सुटून वर तरंगते, मग जाते. काही गिझरांचा पायलट मुद्दाम तसाच घडवलेला असतो. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या 21 टक्क्यांवरून 18 च्या आसपास आला की ज्योत थर्मोकपलपासून दूर सरकते आणि गॅस तुटतो. म्हणजे ही बिघाडाची खूण नव्हे. यंत्र तुम्हाला न्हाणीतून बाहेर काढतंय.

पावसाळ्यात झड आत येते म्हणून आपण न्हाणीच्या झरोक्यांना प्लास्टिक ठोकतो. धुराडं असलंच तर नैर्ऋत्येचा वारा धूर उलटा आत लोटतो. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळणं, पायातलं बळ जाणं, एवढ्याच खुणा, आणि त्या कळेपर्यंत माणूस कोसळू शकतो. अशा गिझरचं थर्मोकपल वाकवून, पुढे सरकवून ‘पायलट टिकवून’ देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

पारख सोपी आहे. आत कुणी नसताना दार-खिडक्या सताड उघडून गिझर चालवा. उघड्यावर बिनतक्रार चालला आणि बंद न्हाणीत विझला, तर दोष खोलीचा. परत पेटवण्याआधी पाचेक मिनिटं थांबावं. एलपीजी हवेहून जड, न्हाणीच्या तळाशी साचतो. वास आलाच तर विजेच्या बटणांना हात न लावता बाहेर पडून 1906 वर फोन करावा.

पायलट तसाच उभा आणि फक्त मोठा बर्नर जात असेल तर यातलं काहीच नाही. बहुधा पाण्याचा जोर कमी आहे, चिऱ्यांच्या चौथऱ्यावरची टाकी उंच करा. नव्या, सेलवर पेटणाऱ्या गिझरांना तर पायलटच नसतो, आणि त्यांतले बरेच 20 मिनिटांनी आपणहून बंद होतात. त्यासाठी मेकॅनिक बोलावणारेही मी पाहिलेत.

आमचा गिझर आता मागच्या पडवीत, वाऱ्याच्या आडोशाला आहे. भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप न्हाणीत येतो. पहिलं काढलेलं थर्मोकपल, ज्याला काहीच झालं नव्हतं, ते काकांनी खुंटीला अडकवून ठेवलंय.